चिंबोरी नर होती

हे मी परवा रात्रीपासून सांगतोय. घरात कोणी ऐकत नाही.

मृगाचे दोन-तीन दणके बसले की बिळांत पाणी शिरतं आणि शेतातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे (तळकोकणात याच कुर्ल्या), रात्री बांधावर येतात. झोत पडला की क्षणभर थिजतात. तेवढ्यात मागून बोटाने पाठ दाबायची आणि कवच दोन्ही कडांनी धरून उचलायचं. बस्स. सोबत सहा वर्षांचं पोर असलं, की मग बस्स नसतं.

पोराच्या हाती बॅटरी द्यायची नाही. ती आधी बेडकावर जाते, मग आभाळात, मग थेट तुमच्या डोळ्यांत. बॅटरी आपल्या कपाळाला, पोराकडे पोत्याचं तोंड. गमबूट हवेतच, गवतात फुरसं असतं. पण 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून घेतलेला बूट चिखलात राहतो आणि नुसता मोजा वर येतो. बोललेलं चालतं, धपाधप पाय आपटलेले चालत नाहीत. हादऱ्याने चिंबोरी बिळात. पोरं नेमकं उलट करतात, कुजबुजत उड्या मारतात. नांगीत बोट सापडलं तर ओढायचं नाही. हात पाण्यात टेकवून थांबायचं, ती आपणहून सोडते. ओढलं तर नांगी तुटते आणि तुटूनही बोट सोडत नाही.

पोत्याचं तोंड वळलेलंच हवं. खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, एकमेकांचे पाय ओढतात, हे मराठी माणसाला भाषणांतून ऐकवणाऱ्यांनी टोपली कधी धरलेली नसावी. एकमेकींच्या पाठीवर पाय देऊन पाचव्या मिनिटाला पसार होतात.

दोन तासांत तीन मिळाल्या. पूर्वी एवढ्यात पोतं जड व्हायचं. आता बांधांवर तणनाशक, वहाळाला काँक्रीट; बीळ करायचं कुठे? उरलेल्या रस्ता ओलांडताना गाड्यांखाली जातात.

तेवढ्यात आप्पा. पायात स्लीपर, डोक्यावर छत्री, हात मोकळे.

"पोराला कशाला आणलंस?"

"बघायला."

"चिंबोऱ्या पोरं निजवून धरतात. किती झाल्या?"

"तीन!" पोराने तीन बोटं दाखवली. म्हणजे पोत्याचं तोंड सोडलं.

"तिनात कालवण होत नाही रे. वास होतो."

होतं. बारीक पाय पाट्यावर ठेचून, पाण्यात कोळून, गाळून तो रस वाटणात घातला की चौघांना पुरतं. हे मी सांगेपर्यंत आप्पांचा हात पोत्यात.

"मादी असेल तर सोडावी. पोटाखाली पिल्लं असतात."

याबाबत आप्पा शंभर टक्के बरोबर. पोटावरची झापड रुंद, गोल ती मादी. अरुंद, टोकदार तो नर. त्यांनी सगळ्यात मोठी काढली, माझ्याकडे पाठ केली, वाकले.

"मादी. सोडली हो."

धरताना झापड मी पाहिली होती. टोकदार. शिवाय पाण्यात काही पडल्याचा आवाज आला नाही. पण वयाने मोठा माणूस, पोरासमोर काय बोलणार?

आप्पा वाडीकडे निघाले. वरून धो धो.

"बाबा, आजोबांनी छत्री का मिटली?"