महामार्गाचे ‘टप्पे’ आणि सीमाभाग: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: महामार्ग टप्प्याटप्प्यानं बांधणं ही ठेकेदारांची सोय आहे, चीननं सगळं एका दमात बांधलं, बेळगाव सीमाभागाला मुद्दाम मागच्या टप्प्यात टाकलं आणि दर टप्प्याला शेतकरी नव्यानं नागवला जातो. हा राग चुकीच्या जागी निघतोय आणि त्यात आपलंच नुकसान आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

सीमाभाग मागं टाकला, हे तर सरळ खोटं. राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याला केंद्रानं डिसेंबर २००० मध्ये मंजुरी दिली. त्याचा गाभा म्हणजे ५,८४६ किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोन, म्हणजे दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणारा महामार्ग. त्याची मुंबई-चेन्नई बाजू आपल्या जुन्या एनएच-४ वरूनच गेली: कोगनोळी, निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर, धारवाड. पुढं बेळगाव-धारवाड पट्ट्याचं सहापदरीकरणही पाचव्या टप्प्यात झालं. रखडला तो खानापूर-लोंढा-अनमोड रस्ता, जुना एनएच-४ए, आजचा ७४८. तो तिसऱ्या टप्प्यात होता, पण अडला जंगलापाशी आणि जमिनीपाशी.

चीनचं उदाहरण दोन ओळींत संपतं. तिथला पहिला द्रुतगती मार्ग १९८८ साली शांघायजवळ झाला, जेमतेम १८.५ किलोमीटरचा. मग बारा मुख्य मार्गांचा आराखडा आला, तो २००७ मध्ये पुरा झाला आणि त्याआधीच, २००४ मध्ये, पुढचा आराखडा मंजूर झाला होता. टप्पे त्यांनीही केले.

‘एकदाच सहापदरी का नाही?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. रस्ते-अभियंत्यांची संस्था असलेल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत दुपदरी रस्ता दिवसाला साधारण १५,००० वाहन-एककांपर्यंत पुरेसा धरलाय, चौपदरी ३५,००० पर्यंत. मोटार एक एकक, ट्रक तीन. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे ३०,००० कोटी होता आणि त्यातला मोठा वाटा पेट्रोल-डिझेलवरच्या लिटरमागे एक रुपयाच्या उपकरातून यायचा होता. वर्दळ नसलेल्या पट्ट्यातही सहा पदर घातले असते, तर तेवढ्याच पैशात कमी किलोमीटर झाले असते आणि खानापूरसारखे रस्ते अजून मागं गेले असते.

शिवाय पुढचा टप्पा असतो म्हणून चूक सुधारता येते. जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. रस्ता किती उचलायचा, पाण्याला वाट कुठून द्यायची, हे अशा पुरानंतरच नेमकं कळतं. एकदाच बांधून हात झटकले असते तर ही दुरुस्ती कुणाच्या गळ्यात घालणार होतो?

दोष आहे तो दोन टप्प्यांच्या मधल्या काळात. महामार्गालगतचा सेवा रस्ता ‘पुढच्या कामात’ म्हणून अर्धवट सोडला जातो. हंगामात उसानं भरलेल्या दोन ट्रेल्या ओढणारा ट्रॅक्टर सेवा रस्ता तुटतो तिथं थांबतो आणि लांबचा वळसा टाळायला उलट्या दिशेनं महामार्गावर चढतो. मागच्या ट्रेलीला दिवा नसतो, समोरून ट्रक येत असतो. हे थांबायलाच हवं, पण त्यावर इलाज सेवा रस्ता आणि भुयारी मार्ग आधी बांधणं हा आहे, टप्पेच रद्द करणं नव्हे.

आता मोबदला. पहिल्या टप्प्यात जमिनी १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली गेल्या, तेव्हा सोलेशियम, म्हणजे जमीन सक्तीनं घेतल्याबद्दलची वाढीव रक्कम, मिळत नव्हतं. १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे मोबदल्याचे निकष महामार्गांनाही लागू झाले, त्यात शंभर टक्के सोलेशियम आहे. आधी जमीन गेलेल्यांनाही सोलेशियम आणि व्याज नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ठरवलं. म्हणजे नंतरच्या टप्प्यातल्या शेतकऱ्याला कायद्यानं जास्तच मिळतं. हलगा-मच्छे बायपासला वडगाव-शहापूरच्या शेतकऱ्यांनी केलेला विरोध वेगळा आहे. तिथं प्रश्न पिकाऊ शिवार जाण्याचा आणि मार्ग कुठून न्यायचा याचा आहे. तो विरोध मला योग्य वाटतो. त्याला या मेसेजच्या दावणीला बांधू नका.

मेसेज पुढं ढकलण्यापेक्षा हे लक्षात ठेवा. त्याच १९५६ च्या कायद्यातली कलम ३अ ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा सांगणारी, अधिसूचना निघाली की तिचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतलं. ते मराठीच असेल असं कायदा म्हणत नाही, त्यामुळं आपल्याकडं फक्त मराठी पेपर वाचणाऱ्याच्या नजरेतून ती सुटू शकते. हरकतीला अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवस असतात. हरकत लेखी द्यायची, सुनावणी मागायची, पोच घ्यायची. वर्षाच्या आत ३ड ची, म्हणजे जमीन संपादित करण्याची, घोषणा झाली नाही तर ३अ ची अधिसूचना रद्द होते, फक्त कोर्टाच्या स्थगितीचा काळ त्यात धरत नाहीत. भुयारी मार्ग आणि सेवा रस्त्याची मागणी त्याच्याही आधी, प्रकल्प अहवाल तयार होत असताना, ग्रामपंचायतीच्या ठरावासह द्यायची. गावात मोजणीवाले दिसले की त्याच आठवड्यात कन्नड वाचणाऱ्या एका पोराला रोज पेपर चाळायला आणि आपले सर्व्हे नंबर शोधायला बसवा.