लॅनयार्डवाला जॉनी

आज ऑफिसच्या लिफ्टपाशी सायबरपंक २०७७ या व्हिडिओ गेममधल्या जॉनी सिल्व्हरहँडचं पोस्टर लागलंय. चंदेरी हात, गॉगल, तोंडावर तोच 'तुमच्या बापाचं काय जातं' असा भाव. आणि गळ्यात आमच्या कंपनीची लॅनयार्ड, म्हणजे ओळखपत्र अडकवायची पट्टी. फोटोशॉप करून अडकवलेली. खाली मोठ्या अक्षरांत 'बी अ रिबेल! ॲन्युअल डे. रजिस्टर बाय फ्रायडे.' ड्रेसकोड काळं जॅकेट. हजेरी कंपल्सरी.

हजेरी कंपल्सरी असलेलं बंड! आमच्या ऐरोलीत मिळतं हो सगळं.

मागच्याच आठवड्यात टीममधल्या एका पोराने शनिवारी राबल्याबद्दल कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी मागितली, तर त्याला केबिनमध्ये बसवून 'ॲटिट्यूड' या विषयावर पाऊण तास प्रवचन ऐकवलं. मजला तोच. माणसंही बहुतेक तीच, ज्यांनी या पोस्टरला 'सुपर्ब!!' म्हणून मेलवर पसंती कळवली. यांना बंडखोर पाहिजे तो असा, भिंतीवर चिकटवलेला. मंगळवारी लावायचा, सोमवारी काढायचा.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय माझी तडफड कळायची नाही. (पुढे स्पॉयलर आहेत. इतक्या वर्षांत खेळला नसाल तर माझा दोष नाही.) सायबरपंक २०७७ हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा गेम, १० डिसेंबर २०२० ला आलेला. नाइट सिटी नावाचं कॅलिफोर्नियातलं काल्पनिक शहर, जिथे कंपन्यांचंच राज्य आहे आणि माणसं स्वतःचे हातपाय, डोळे, मेंदूचे भाग दुकानात जाऊन बदलून येतात. आपण व्ही नावाचा भाडोत्री गुंड किंवा गुंडीण. एक दरोडा अंगाशी येतो, व्हीच्या डोक्यात गोळी घातली जाते, आणि व्ही (माझी व्ही बाई आहे) वाचते ती फक्त डोक्यात बसवलेल्या एका चोरीच्या चिपमुळे. त्या चिपमध्ये पन्नासेक वर्षांपूर्वी मेलेल्या एका रॉकस्टारचं मन साठवलेलं असतं. तो जागा होतो, आणि हळूहळू व्हीचा मेंदू त्याचा व्हायला लागतो. तोच हा जॉनी. सामुराई बँडचा गायक, सैन्यातून पळून आलेला, एक हात युद्धात गेलेला, आणि गेममधल्या २०२३ साली अरासाका कॉर्पोरेशनच्या टॉवरमध्ये अणुबॉम्ब फोडणारा.

म्हणजे कॉर्पोरेट टॉवर पाडणं एवढं एकच अवतारकार्य असलेला माणूस आमच्या एचआरने कॉर्पोरेट टॉवरच्या लॉबीत लावलाय. कुणी गुगल तरी करायचं!

पोस्टरचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला, तर तिथे निराळाच मनस्ताप. एकीने लिहिलं, 'अय्या, कीआनू! एचआरला टेस्ट आहे तुमच्या.' (जॉनीचा चेहरा आणि आवाज हॉलिवूडच्या कीआनू रीव्ह्जचा.) आणि आमच्या एका विद्वान मित्राने लिहिलं, 'कसला हीरो, दहशतवादी आहे तो. गर्दीच्या शहरात बॉम्ब फोडला त्याने.' या दोघांपैकी कोणाचा राग जास्त आला ते ठरवत मी ऐरोलीहून ठाण्यापर्यंत लोकलच्या दारात उभी होते. ठाणं आलं तरी ठरलं नव्हतं.

मला या निमित्ताने आमचा मामा आठवला. ओळखणाऱ्यांनी लगेच हसू नका.

मामा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होता आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गणपती, हळदी, पूजा, सुपारी मिळेल तिथे. केस मानेवर, शर्टाची वरची बटणं उघडी, गिटार गिव्हसनची (गिब्सन नव्हे, ती परवडणारे लोक वेगळे). कारखान्यात टाळेबंदी झाली तेव्हा युनियनमध्ये सगळ्यात मोठा आवाज त्याचा. एका संध्याकाळी किसननगरच्या त्यांच्या खोलीत कमिटी जमली होती. मॅनेजमेंटकडून हिशोबाचा कागद आला होता, कोणाला किती मिळणार त्याची यादी. मामाने उभं राहून तो मोठ्याने वाचला आणि सगळ्यांदेखत टराटरा फाडला. 'भीक मागायला आलोय काय आपण?' मग टाळ्या, घोषणा. मी कॉटवर बसून चहापाव खात होते. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपला मामा म्हणजे कोणीतरी आहे.

मामा ही गोष्ट अजून सांगतो. लग्नात, बाराव्याला, कुठेही. दरवेळी कमिटीतली माणसं वाढतात आणि कागदाचे तुकडे बारीक होत जातात.

आता जॉनीकडे येते. गेम खेळताना टॉवरवरचा तो हल्ला आपल्याला दिसतो, पण दिसतो जॉनीच्या आठवणीतून. हेलिकॉप्टर, गोळ्यांचा पाऊस, मध्यभागी हा. हे जग मुळात माइक पाँडस्मिथने १९८८ साली कागद आणि फाशांवर खेळायच्या खेळासाठी रचलं, आणि त्या मूळ खेळातली त्या रात्रीची हकीकत वेगळी आहे. तिथे मॉर्गन ब्लॅकहँड नावाचा मोठा भिडू आहे, आणि जॉनी अरासाकाच्या ॲडम स्मॅशर नावाच्या मारेकऱ्याच्या हातून मरतो. जॉनीच्या आठवणीत ब्लॅकहँड दिसतसुद्धा नाही! स्वतःच्या दंतकथेत दुसऱ्याला जागा देईल तो जॉनी कसला.

माझ्या मते या गेमचं खरं डोकं इथे आहे. बंडखोर सगळेच दाखवतात. या लोकांनी त्या बंडखोराला आपल्या डोक्यात भाड्याने ठेवलं, न विचारता, डिपॉझिट न घेता. पहिल्याच भेटीत तो व्हीचं डोकं खिडकीच्या काचेवर आपटतो आणि सिगारेट मागतो. पुढे तासन्‌तास तो आपल्या मागे. आपण कुणाशी बोलतोय तर हा कोपऱ्यात पाय पसरून बसलेला, टोमणे मारतोय. आणि मग ज्यांना त्याच्या गाण्यांत जागा नाही अशी माणसं एकेक करून भेटायला लागतात. ऑल्ट कनिंगहॅम, जिच्यावर याचं प्रेम होतं म्हणे. तिने लिहिलेल्या सोलकिलर या मन कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी अरासाकाने २०१३ साली तिला उचललं. हा तिला सोडवायला गेला खरा, पण तिचं मन संगणकात अडकलेलं असताना घाईघाईने वायर उपटली ती यानेच. केरी युरोडाइन, बँडमधला मित्र, टेकडीवर बंगला बांधून बसला तरी अजून याच्या सावलीतून बाहेर आलेला नाही. याची जुनी मैत्रीण आफ्टरलाइफ बार चालवते, तिचा तर याच्या नावानेच चेहरा बदलतो.

आमच्या मामाच्या गोष्टीतही पडदा टाळ्यांवर पडतो. पुढचं मला माहीत आहे, कारण मी कॉटवरच होते. माणसं गेल्यावर मामीने जमिनीवरचे तुकडे गोळा केले. एक कपाटाखाली गेला होता, तो लाटण्याने ओढून काढला. जेवणं झाल्यावर पाटावर सगळे मांडले आणि भाताची शितं लावून पाठकोऱ्या कागदावर चिकटवत बसली. मामा तोवर ऑर्केस्ट्राला गेला होता. त्या यादीत मामा एकटा नव्हता ना. शेजारच्या खोलीतला हेल्पर होता, त्याच्या बायकोला सातवा महिना होता. दुसरी प्रत मागायची म्हणजे मॅनेजमेंटपुढे पुन्हा नाक घासणं. सकाळी पोळ्यांचे डबे पोचवून झाल्यावर मामी तो कागद घेऊन सेक्रेटरीकडे गेली. हे मामा कधीही सांगत नाही. लपवतो असंही नाही, त्याच्या लेखी ते त्या गोष्टीत घडलेलंच नाही.

मामाने फाडला नसता तर पुढे रक्कम वाढली नसती, हेही आहे. वाढली. थोडी.

म्हणून त्या विद्वान मित्राला सांगते, 'दहशतवादी' म्हणून फाईल बंद करू नकोस. बॉम्ब फोडला, निरपराध मेले, मान्य, त्यावर वाद नाही. पण जॉनी अरासाकाबद्दल जे बोलतो त्यातलं खोटं काय आहे ते दाखव. माणसाचं मनच कॉपी करून तिजोरीत ठेवणारी कंपनी. तिच्यापुढे सगळ्यांनी रीतसर अर्ज करायचे काय? तू स्वतः तीन वर्षांत अप्रेझलला तोंड उघडलं नाहीस, दर एप्रिलला मला फोन करून रडतोस. असो. वैयक्तिक झालं. पण पुसत नाही.

आणि हो, कोणी लिहिणारच, 'हा गेमही कंपनीनेच विकला, सामुराईची जॅकेटंही विकली.' विकली. रिलीजच्या आधी पोरांना आठवड्याचे सहा दिवस राबवलं. एवढं करून जुन्या कन्सोलवर गेम असा आपटला की सोनीने आठवडाभरात स्टोअरवरून काढून टाकला, तो २०२१ च्या जूनमध्ये परत आला. मी स्वतः टेस्टिंगमध्ये आहे, त्या बग्जच्या यादीची कल्पना करूनच माझ्या पोटात गोळा येतो. पण लिहिणाऱ्यांनी जे लिहिलंय ते कंपनीच्या बापाला पुसता येणार नाही. नंतरचे पॅचेस, २०२३ ची २.० आवृत्ती, सगळं झालं, पण जॉनी पहिल्या दिवसापासून तसाच पुरा होता.

तेलविहिरींचा सीन घ्या. शहराबाहेर कचरा आणि गंजलेली यंत्रं, तिथेच कुठेतरी अरासाकाने जॉनीचं प्रेत फेकलेलं. समाधी नाही, दगड नाही. व्ही तिथे त्याच्यासाठी चार शब्द कोरते. आणि हा, आयुष्यात पहिल्यांदा, विचारतो की माझ्याबद्दल तुला खरंच काय वाटतं. इथे गेमने माझं मन जिंकलं. कारण गुळमुळीत बोलून चालत नाही. मित्र म्हणून काही धड केलं का या प्रश्नावर 'नाही, यातही माती खाल्लीस' असं त्याच्या तोंडावर सांगावं लागतं, आणि ही शेवटची संधी म्हणून बजावावं लागतं. तेव्हा कुठे तो माणसात येतो. ज्यांनी त्याची आरती ओवाळली त्यांना गेमच्या शेवटाकडे जाणारी एक गुप्त वाट उघडतच नाही, शेवटच्या निर्णयाआधी गच्चीवर कितीही वेळ बसून राहा.

टीशर्टवाल्यांना हे कुठून कळणार. पोस्टरवाल्यांचं तर सोडाच.

मी हा सीन खेळत होते तेव्हा मामा मागे सोफ्यावर होता. हल्ली मामा-मामी आमच्याच सोसायटीत राहतात, मागच्या बिल्डिंगमध्ये, आणि मामाला मधुमेहामुळे घरात गोड मिळत नाही म्हणून तो संध्याकाळी आमच्याकडे असतो. बराच वेळ बघून म्हणाला, 'हा माणूस आमच्या युनियनमध्ये असता तर पहिल्याच दिवशी फाटाफूट.' मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. 'पण गातो बरा,' म्हणाला. (बोलतो कीआनू, गातो स्वीडनच्या रिफ्यूज्ड बँडचा गायक, हे मी सांगितलं नाही. कशाला.)

नंतर सामुराईचे म्हातारे पुन्हा एकत्र येऊन एका बारमध्ये वाजवतात तो भाग आला. व्ही आपलं शरीर जॉनीला उसनं देते, आणि तो पुन्हा एकदा स्टेजवर उभा राहतो, दुसऱ्याच्या हातांनी गिटार वाजवत. मामाची डाव्या हाताची बोटं सोफ्याच्या हातावर कॉर्ड धरत होती. त्यातली दोन आता नीट वाकत नाहीत. त्याला कळलं नसावं की मला दिसतंय. तेव्हा मला तो फाडलेला कागद, ती शितं, कशाचाही राग आला नाही.

शेवटाला मात्र घरात भांडण झालं. एका शेवटात आपण व्हीचं शरीर कायमचं जॉनीला देऊ शकतो. ते त्याने घेतलं की तो जरा शहाणा होतो, एका पोराला गिटार घेऊन देतो, आणि बसमध्ये बसून नाइट सिटी सोडून जातो. नेटवर लोक या शेवटासाठी गळे काढतात. मामा म्हणाला, 'दे त्याला. सुधारलाय आता तो.' मामी तेव्हा खाली बसून मेथी निवडत होती. गेमकडे तिचं लक्ष आहे असं मला वाटलंही नव्हतं. मान वर न करता म्हणाली, 'शरीर त्या पोरीचं आहे ना? मग ह्याला का म्हणून? सुधारलाय तर सुधारू दे की, तिचं का घ्यायचं?'

मामा गप्प. मी मामीचं ऐकलं.

तो अजून धरून बसलाय, म्हणतो तो शेवट मला वेगळा खेळू दे. वेगळी सेव्ह फाइल करून दिलीय. कंट्रोलर हातात घेतला की पहिल्या वळणालाच जॉनीची पोर्शे कठड्यावर घालतो आणि 'ब्रेक लागत नाहीत या गाडीला' म्हणून मलाच ओरडतो.