वाडा बिऱ्हाडकरूंचाही असतो

पुण्याच्या जुन्या पेठांत भाड्याच्या जागेचे माप फुटांत सांगण्याची रीत नव्हती. 'दोन खणी खोली', 'चार खणांची जागा' असेच बोलले जाई, आणि ऐकणाऱ्याला तेवढ्यावरून तिथे किती अंथरुणे पडतील याचा अंदाज येत असे. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर. सदाशिव पेठेतील एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, अशाच तीन खणांत माझे बालपण आणि तरुणपणाची काही वर्षे गेली. तो वाडा गेल्या उन्हाळ्यात उतरवला. त्यानंतर जुन्या वाड्यांच्या छायाचित्रांखाली लोक काय लिहितात ते मी लक्षपूर्वक वाचू लागलो, आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा समोर आले: "भाडेकरूंनी वाड्यांची वाट लावली." हे वाक्य मला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे सविस्तर सांगावेसे वाटते.

आधी वाडा उभा कसा राहतो ते पाहू. खाली काळ्या दगडाचे जोते, जोत्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे घडीव दगड, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबाच्या माथ्यावर कोरीव हस्त म्हणजे तुळईला आधार देणारे लाकडी टेकू, हस्तांवर तुळया, तुळयांवर कडीपाट म्हणजे कड्या आणि फळ्यांचे छत आणि कडीपाटावर मातीचा थर देऊन सारवलेली वरच्या मजल्याची जमीन. बाहेरच्या भिंती जाड असतात. खाली दगड, वर वीट किंवा पांढऱ्या मातीचे भेंडे, म्हणजे न भाजलेल्या कच्च्या विटा. चौकाच्या, म्हणजे आतल्या अंगणाच्या, बाजूने मात्र बहुतेक सगळा भार खांब आणि तुळयाच वाहतात. त्यामुळे आतली भिंत काढली किंवा नवी घातली तरी इमारतीला धक्का बसत नाही. दोन खांबांच्या मध्ये फळ्यांची आडभिंत ठोकली की खोली तयार होते, ती काढली की पुन्हा ओसरी. एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांसाठी बांधलेली वास्तू पुढे पंधरा-सोळा बिऱ्हाडांना सामावून घेऊ शकली, याचे श्रेय तिच्या या रचनेला आहे. ज्या सुताराने ते खांब समान अंतरावर उभे केले, त्याने नकळत पुढच्या दीडशे वर्षांची सोय करून ठेवली होती.

आमच्या आणि शेजारच्या बिऱ्हाडामधली फळ्यांची भिंत कडीपाटापर्यंत पोहोचत नव्हती. वर हातभर मोकळी जागा होती. मी धडा मोठ्याने वाचत असलो आणि एखादा उच्चार चुकला की पलीकडून काकू तो दुरुस्त करून सांगत, आणि मी तो पुन्हा म्हटल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. त्याच भिंतीत एक खांब होता, अर्धा आमच्याकडे आणि अर्धा त्यांच्याकडे. आमच्या बाजूला वडिलांनी हिरवा ऑइलपेंट दिला होता. काकूंच्या बाजूला तो तसाच, तेल पाजलेला, काळपट चकाकणारा होता. हस्तावरचे केळफूलही असेच दोन घरांत वाटले गेले होते.

वाड्यात कोण राहते हे सतत बदलत आले आहे, आणि हा बदल भाडेकरूंपासून सुरू झालेला नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने तो बांधला. १८०७ मध्ये तो पूर्ण झाला आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. म्हणजे ज्याच्यासाठी बांधला त्याच्या वाट्याला तो जेमतेम अकरा वर्षे आला. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, जिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज आकाराला आले. १८७९ च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला आणि तो पुन्हा बांधावा लागला. नंतर अनेक वर्षे शहराच्या नगरपालिकेचा कारभार तिथून चालला. आज आपण जो विश्रामबागवाडा पाहतो, तो या सर्वांनी वापरलेला आणि टिकवलेला आहे. पाठशाळेने किंवा नगरपालिकेने त्याची वाट लावली, असे कुणी म्हणत नाही.

सामान्य वाड्यांचेही हेच झाले. राजधानी गेली, तिच्याबरोबर अनेक घराण्यांचे उत्पन्न घटले, वाटण्या झाल्या, आणि वाड्याचा एकेक सोपा, म्हणजे चौकाच्या एका बाजूचा भाग, भाड्याने जाऊ लागला. शिकायला आलेली मुले, कारकून, शिक्षक, छापखान्यातले कामगार अशी माणसे राहायला आली. १८९७ च्या प्लेगमध्ये पेठांतली घरे ओस पडली आणि साथ ओसरल्यावर पुन्हा भरली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि भेंड्यांच्या भिंती बसल्या. कच्च्या मातीची भिंत पाण्यात उभी राहिली की आतून विरघळते, आणि तिच्यावर टेकलेला कडीपाट खाली येतो. अनेक पूरग्रस्त पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा नव्या वसाहतींत गेले. काही मात्र न बुडालेल्या वाड्यांत नातेवाइकांच्या किंवा ओळखीच्या आधाराने आले आणि तिथेच राहिले. आमच्या वाड्यातही असे एक कुटुंब होते.

बिऱ्हाडांमुळे वाड्याचे नुकसान झालेच नाही, असे मी म्हणणार नाही. मुख्य नुकसान मोरीने केले. मूळ वाड्यात पाण्याचा वापर तळमजल्यावर, हौदापाशी, न्हाणीघरात आणि परसात होत असे. वरच्या मजल्यावर प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र मोरी लागली, ती मातीच्या जमिनीवर शहाबादी फरशी बसवून केली गेली, आणि फरशीच्या सांध्यातून झिरपणारे पाणी वर्षानुवर्षे तुळईच्या टोकात मुरत राहिले. सागवान उघड्यावर शतकभर टिकते. भिंतीत गाडलेले आणि सतत ओले राहणारे त्याचे टोक मात्र कुजते. पण वेळीच मोरी दुरुस्त केली आणि तुळईला जोड दिला तर हे थांबवता येते. ते का थांबले नाही, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर कायद्यात सापडते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हा प्रमाणभूत भाड्याचा, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणाऱ्या भाड्याचा, आधार मानला. युद्धानंतरच्या जागेच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. त्या संरक्षणाविना आमच्यासारख्या कितीतरी कुटुंबांना शहरात राहता आले नसते. परंतु भाडे जिथल्या तिथे थांबले आणि लाकूड, चुना, मजुरी यांचे दर वाढत गेले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली, पण ती त्याच जुन्या, अत्यल्प रकमेवर. घरमालकाने दुरुस्ती केली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद आहे. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक रक्कम वळती करता येत नाही. ज्या भाड्यात एक फळीसुद्धा येत नाही, त्याच्या चौथ्या हिश्शात तुळई कुठून येणार?

मुंबई बेटावर जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ आले. त्या मंडळाच्या कामाबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, पण निदान दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी आहे हे तत्त्व तिथे स्वीकारले गेले. पुण्याच्या वाड्यांना भाडे गोठवणारा कायदा मिळाला आणि दुरुस्तीची व्यवस्था मिळाली नाही. माझ्या मते वाडे कोसळण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. मला आठवते, मी कॉलेजात असताना मालक आजोबा एकदा वडिलांना माळ्यावर घेऊन गेले, कुजलेल्या तुळईत त्यांनी काडी खुपसून दाखवली आणि ती बोटभर आत गेली. "तुम्हीच सांगा, तुम्हा सगळ्यांच्या भाड्यात हिचा खर्च कसा भागवू?" वडिलांकडे उत्तर नव्हते. दोघेही सज्जन होते, आणि तरीही दोघांमध्ये पुढे वीस वर्षे कोर्टात दावा चालला.

म्हणूनच वाड्यांच्या जतनाची चर्चा होते तेव्हा मला एका गोष्टीची काळजी वाटते. जतन म्हणजे मूळ मालकाच्या काळातले रूप परत आणणे, असे गृहीत धरले जाते. फळ्यांच्या आडभिंती, दिंडी दरवाजाशेजारची नावांच्या पाट्यांची ओळ, जिन्याखालचे विजेचे मीटर, चौकातला सामाईक नळ हे सगळे अतिक्रमण समजून काढून टाकले जाते. अनेक वाड्यांत मूळ कुटुंब जितकी वर्षे एकटे राहिले, त्याहून अधिक काळ तिथे बिऱ्हाडे नांदली आहेत. तो काळ पुसून उरलेला वाडा अपुरा आहे. सगळे ठेवता येणार नाही हे मला समजते. निदान एक सोपा, दोन खण, एखादी फळ्यांची भिंत तशीच ठेवावी. आणि जिथे वाडा पाडायचाच आहे, तिथे पाडण्यापूर्वी खणांसह त्याचा नकाशा काढावा आणि कोणत्या खणात केव्हा कोण राहत होते, त्याची नोंद करावी. या कामाला फार पैसा लागत नाही. विचारायला माणसे हयात असावी लागतात.

आमचा वाडा उतरवत असताना मी दोनदा जाऊन आलो. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने खांब अंगणात ओळीने आडवे ठेवले होते आणि टेपने घनफूट मोजणे चालू होते. आमचा खांब मी लगेच ओळखला. एका बाजूला हिरवा रंग, एका बाजूला काळपट तेल, आणि दोन्हींच्या मधोमध फळी बसवलेली खाच, जिच्यात लाकूड अजून कोरे, पिवळसर होते. रंधा मारला की सगळे एकसारखे होईल, असे तो म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेच होते.

घरी येऊन मी वाड्याचा नकाशा आठवणीने काढायला घेतला. सोळांपैकी चौदा बिऱ्हाडांची जागा निश्चित झाली आहे. मागच्या चौकातील पूर्वेकडच्या दोन खणांत पुरानंतर राहायला आलेले कुटुंब नेमक्या कोणत्या साली तिथून गेले, आणि जिन्याच्या खोलीत त्याआधी कोण होते, हे मला सांगता येत नाही. त्या वाड्यात राहिलेल्या कुणाच्या वाचनात हे आले, तर कृपया मला कळवावे.