‘आधी थाट पाठ करा, मग पेटीला हात लावा’: या सल्ल्यात काय चुकतं

चवथ जवळ आली की गोव्यातल्या घराघरांत पेट्या माळ्यावरून खाली उतरतात, घुमटं काढून पाहिली जातात आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर संगीत शिकण्याविषयीचा एक संदेश फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं: नवशिक्याने आधी दहा थाट (रागांचे सात स्वरांचे साचे) आणि बारा मेजर स्केल (पाश्चात्त्य संगीतातला असाच एक साचा, बाराही पट्ट्यांवरून) तोंडपाठ करावेत, तोवर वाद्याला हात लावू नये. सा म्हणजे सी, म्हणजेच पांढरी एक (पेटीवर दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी; पुढच्या पांढऱ्या आणि काळ्या तिथून वेगवेगळ्या मोजतात). सूर ओळखणारा कान जन्मजात असावा लागतो. लय अंगात असते, ती मोजायची नसते. आणि आपलं व पाश्चात्त्य संगीत एकाच वेळी शिकलं तर दोन्ही बिघडतात.

पाठांतराच्या सल्ल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून तो आधी घेऊ. ‘काफी: ग आणि नी कोमल’ (कोमल म्हणजे शुद्ध स्वरापेक्षा एक पट्टी खाली) ही ओळ मुलाला दोन मिनिटांत पाठ होते. पण तिच्याशी जोडलेला आवाज कानात नसतो, म्हणून ती तितक्याच लवकर विसरली जाते. त्याऐवजी असं करा. मोबाइलवर तानपुरा लावा, पट्टी (म्हणजे त्याचा सा) पांढरी एक. पेटीवर पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या सावकाश वाजवत चढा आणि उतरा. हा बिलावल. आता तानपुरा पांढरी दोनवर न्या आणि पांढरी दोनपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत त्याच पांढऱ्या पट्ट्या वाजवा. एकही नवीन पट्टी दाबलेली नाही, तरी ऐकू येतो काफी. पांढरी तीनवरून भैरवी, चारवरून कल्याण, पाचवरून खमाज, सहावरून आसावरी. संगीतशास्त्री भातखंड्यांच्या दहापैकी सहा थाट एकाही काळ्या पट्टीला न शिवता कानावर पडले. सातवरून सुरुवात केली तर पंचम (प) सापडतच नाही, त्यामुळे तिथून थाट निघत नाही. हे मुलांना सांगू नये, त्यांचं त्यांना सापडू द्यावं.

यात एक चूक हमखास होते: तानपुऱ्याची पट्टी बदलायची राहते. मग कान पांढरी एकलाच घर मानत राहतो, सहाही वेळा बिलावलच मधूनच सुरू केल्यासारखा वाटतो आणि मूल म्हणतं, ‘सगळं सारखंच तर आहे.’ म्हणून पट्टी बदलल्यावर दहा-बारा सेकंद नुसता तानपुरा ऐकायचा, गळ्याने षड्ज (सा) लावायचा आणि मगच बोटं हलवायची. एका बैठकीत दोनच थाट घ्या, आणि नाव सांगायचं ते वाजवून झाल्यावर.

उरले भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी. या चौघांतही रे कोमल आणि नी शुद्ध, म्हणजे षड्जाला दोन्ही बाजूंनी अगदी लागून एकेक स्वर. पांढऱ्या पट्ट्यांत अशी जागा कुठेच नाही, म्हणून हे चार तिथे मिळत नाहीत. इतकं हाताला कळलं की दहांची यादी वेगळी घोकावी लागत नाही.

मेजर स्केलचंही तेच. पाठ करायचा तो एकच साचा, बिलावलाचाच: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. काळी असो वा पांढरी, अगदी शेजारची पट्टी म्हणजे एक. एक सोडून पुढची म्हणजे दोन. पांढरी पाचवरून हा साचा मोजत गेलात तर नी काळी तीनवर येतो. सवयीने तिथे पांढरी चार दाबली तर नी कोमल होतो आणि बिलावलाचा खमाज होतो. पांढरी चारवरून निघालात तर म काळी पाचवर येतो. तिथे पांढरी सात दाबली की तीव्र मध्यम (एक पट्टी वरचा म) लागून कल्याण ऐकू येतो. अशी चूक झाली की ‘चुकलं’ एवढंच म्हणून थांबू नका. ‘आत्ता कुठला थाट वाजला?’ असं विचारा. शास्त्र शिकायची याहून चांगली वेळ मिळत नाही.

आता ‘सा म्हणजे सी’. सी हा ठरलेल्या उंचीचा स्वर आहे; आज सर्वत्र चालणाऱ्या मापात मधला सी म्हणजे सेकंदाला सुमारे २६२ कंपनं. सा ही मात्र जागा आहे, आणि ती गाणारा ठरवतो. गोव्यात हा गोंधळ अधिक होतो, त्यालाही कारण आहे. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत सोल्फेज (दो, रे, मी म्हणत स्वर वाचणं) शिकवलं गेलं, आणि पोर्तुगीज पद्धतीत ‘दो’ म्हणजे सीच. तो हलत नाही. त्यामुळे एखादी मुलगी मडगावात व्हायोलिन शिकते तेव्हा तिचा दो एका जागी खिळलेला असतो, आणि संध्याकाळी देवळातल्या भजनाला बसते तेव्हा बुवा काळी एक धरतात, पुढच्या आठवड्यात दुसरे बुवा पांढरी दोन. दोन्ही ठिकाणी बरोबरच शिकवलं जातंय. फक्त एका ठिकाणी स्वराचं नाव सांगितलं जातं आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचं षड्जाशी असलेलं नातं. एवढं एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगितलं तर पुढचे कित्येक महिने वाचतात.

स्वतःचा सा शोधायचा तर खालचा पंचम घसा न दाबता आणि वरचा गंधार (ग) न ओरडता लागेल अशी पट्टी पाहा. पुरुषांची ती बहुधा काळी एकच्या आसपास येते, बायकांची काळी चार-पाचच्या. सगळ्यांना पांढरी एकवर बसवलं तर कुणाला खालचे स्वर ऐकूच येत नाहीत, कुणाला वरचे ताणावे लागतात, आणि मग ‘आवाजच नाही’ असा शिक्का बसतो.

कान जन्मजात लागतो, या म्हणण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. कुठलाही आधार नसताना ‘हा सी’ असं ओळखता येणं ही दुर्मीळ देणगी आहे, आणि तिच्यावाचून काही अडत नाही. लागते ती दोन स्वरांतलं अंतर ओळखण्याची सवय. ओळखीची आरती कुणी बेसूर म्हटली की ज्याला खटकतं, त्याच्यापाशी तिची सुरुवात आहेच. एकाने पेटीवर सा आणि मग म किंवा प वाजवावा. दुसऱ्याने डोळे मिटून कोणता ते सांगावं. रोज वीस वेळा, पाच मिनिटं पुरतात. विसात अठरा बरोबर येऊ लागले की ग घ्या, मग कोमल ग, रे आणि नी सगळ्यांत शेवटी. म आणि प यांत गल्लत झाली तर दोन्ही तानपुऱ्यावर गाऊन पाहा: प त्यात मिसळून जातो, म लावला की गंधारावर उतरावंसं वाटतं. आवाज मात्र तानपुरा ऐकू येईल इतकाच ठेवा. जोरात गाणाऱ्याला आपला सूर खाली आलाय हे कळतच नाही.

लय मोजायची नसते, हे तर गोव्यात कुणी म्हणू नये. गोव्याचे तबलावादक खाप्रुमाम पर्वतकर यांना लयभास्कर म्हणत, ते लयीच्या हिशेबावरच्या हुकमतीसाठी. नवशिक्याने सहा मात्रांच्या दादऱ्यापासून सुरुवात करावी: धा धिं ना, धा तीं ना. पहिल्या मात्रेवर टाळी, चौथीवर ‘खाली’, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात. तीन-तीनचे दोन गट. मेट्रोनोम साठावर (मिनिटाला साठ ठोके) ठेवा आणि आधी तोंडाने बोल म्हणा, मग हात जोडा. सहा मात्रा दोन-दोनच्या तीन गटांत पडायला लागल्या, म्हणजे टाळी तिसरीवर आणि पाचवीवर सरकली, तर वेग पन्नासवर आणा आणि ‘धा’वरच जोर द्या. हे बसलं की दुलपोद (गोव्याचा जलद चालीचा कोकणी गीतप्रकार) ऐका. तिथली सहा-आठची चाल याच तीन-तीनच्या गटांवर चालते. फरक एवढाच की तिथे ‘खाली’ नाही, चौथीवर फक्त हलका जोर आहे. वेग वाढवताना एका वेळी चार-पाचच वाढवा. मेट्रोनोमने माणूस यंत्र होत नाही. आपण कुठे धावतो ते त्याच्यामुळे समजतं.

दोन्ही पद्धती एकत्र नकोत, या म्हणण्याला वर उत्तर येऊनच गेलं: पांढऱ्या पट्ट्यांवरचे सहा साचे आणि दुलपोदाचे तीन-तीनचे गट दोन्हीकडे एकच आहेत, फक्त नावं वेगळी. कांपालच्या कला अकादमीत दोन्ही संगीतं शिकवली जातात. हिंदी चित्रपटांचे संगीत संयोजक, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तो राग आणि वाद्यवृंद एकत्र आणण्यासाठीच. मिसळायची नाही ती फक्त लेखनपद्धत. वहीचं एक पान पाच रेघांच्या नोटेशनचं, समोरचं भातखंडे लिपीचं: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, ताराला वर.

हीच लिपी व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवली की खालची रेघ जाते, कोमल गंधार शुद्ध होतो आणि दुसऱ्या दिवशी मूल काफीची सरगम बिलावलात वाजवत बसतं. सरगम पाठवायची असेल तर वहीच्या पानाचा फोटो पाठवा.