अमेरिका इंग्रजांकडेच राहिली असती तर?

यंदा अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २५० वर्षं होताहेत, त्यामुळे जर-तरवाल्यांना नुसता ऊत आलाय. त्यातला सगळ्यांचा लाडका मुद्दा असा की तेरा वसाहती इंग्रजांकडेच राहिल्या असत्या तर आज अमेरिकेचा कॅनडा झाला असता. हॉस्पिटलचं बिल बघून चक्कर आली नसती, घरोघरी बंदुका नसत्या, आणि गुलामगिरी १८६५ ऐवजी १८३३ मध्येच बिनरक्तपाताची संपली असती. आमच्या फॅमिली ग्रुपवर टोरांटोचा मावसभाऊ हे न्यू जर्सीवाल्यांना दर जुलैत ऐकवतो.

मला हे पटत नाही. या हिशेबात अमेरिका तेवढी बदलते आणि इंग्लंड मात्र आहे तसंच राहतं. पुढे वसाहतींशी नमतं घ्यायला शिकलेलं इंग्लंड हे अमेरिका हातची घालवून बसलेलं इंग्लंड होतं, हे कोणी लक्षातच घेत नाही.

कॅनडाचंच घ्या. १७७५ च्या आसपास तिथे मुख्यतः फ्रेंच बोलणारं क्विबेक होतं. इंग्रज अमेरिकेतलं युद्ध हरल्यावर राजाशी एकनिष्ठ राहिलेले लोक हजारोंनी उत्तरेला पळाले आणि इंग्रजी कॅनडा उभा राहिला तो त्यांच्या जिवावर. पुढे १८३७ मध्ये कॅनडात बंड झालं. एक अमेरिका गेली, आता दुसरीही जाते की काय, म्हणून लंडनला घाम फुटला. लॉर्ड डरहॅमला धाडलं, त्याने १८३९ मध्ये अहवाल दिला की यांचा कारभार यांच्याच हाती द्या, आणि त्या वाटेने १८६७ ची डोमिनियन, म्हणजे राजा इंग्रजांचाच पण घरचा कारभार स्वतःचा अशी व्यवस्था आली. म्हणजे क्रांती झाली नसती तर अमेरिकेने ज्याच्यासारखं व्हायचं, तो कॅनडाच झाला नसता!

वसाहती राहूच शकल्या नसत्या असं मात्र नाही. १७७४ मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसपुढे जोसेफ गॅलोवेने योजना मांडली होती. राजाने नेमलेला प्रेसिडेंट-जनरल, वसाहतींनी निवडलेलं ग्रँड काउन्सिल, आणि अमेरिकेपुरत्या कायद्यांना पार्लमेंट व काउन्सिल दोघांचीही संमती. सहा विरुद्ध पाच अशी ती बाजूला पडली आणि नंतर इतिवृत्तातूनही काढून टाकली. एका वसाहतीने कूस बदलली असती तर निदान चर्चा तरी पुढे गेली असती. इंग्लंडला शहाणपण आलं ते साराटोगाच्या लढाईत अमेरिकनांकडून मार खाल्ल्यावर. १७७८ मध्ये पार्लमेंटने कायदाच केला की उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजमधल्या वसाहतींवर यापुढे महसुलासाठी कर बसवणार नाही. वरातीमागून घोडं! (त्या कायद्यात हिंदुस्थानचं नाव नव्हतं, हे ओघाने आलंच.)

आता गुलामगिरी. १८३३ चा कायदा इंग्रजांच्या मनाच्या मोठेपणातून आला असं आपण शाळेत शिकलो. त्यातला व्यवहार बघा. साधारण आठ लाख गुलामांच्या बदल्यात दोन कोटी पाउंड भरपाई दिली गेली, आणि तीही मालकांना. गुलामांना एक छदाम नाही. उलट १८३८ पर्यंत त्यांना 'उमेदवारी'च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे राबायला लावलं. या रकमेसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकारच्या खात्यातून पूर्ण फिटलं ते २०१५ मध्ये.

१८३० च्या जनगणनेत एकट्या अमेरिकेत वीस लाखांवर गुलाम होते. साधं त्रैराशिक मांडलं तरी त्याच भावाने आणखी पाच कोटी पाउंड लागले असते. कुठून आणणार? शिवाय १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र आल्यापासून दक्षिणेत कापसाची चांदी होती आणि लँकेशायरच्या गिरण्या त्याच कापसावर चालत होत्या. वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांनी पार्लमेंटला किती वर्षं रोखून धरलं ते माहीत आहे. त्यांच्या जोडीला व्हर्जिनिया आणि कॅरोलिनाचे जमीनदार आणि मँचेस्टरचे गिरणीमालक बसले असते, तर १८३३ मध्ये हा कायदा झाला असता यावर माझा तरी विश्वास नाही. व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर याने १७७५ मध्ये पळून येणाऱ्या गुलामांना मुक्तीचं वचन दिलं खरं, पण फक्त बंडखोरांच्या गुलामांना. त्याच्या स्वतःच्या घरी गुलाम होतेच की.

अमेरिकेत गुलामगिरी संपली ती यादवी युद्धाने, आणि त्यात सहा लाखांवर माणसं मेली, ही किंमत भयंकरच. पण जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना. इंग्रजांनी चाळीस वर्षं आधी कायदा केला होता, तरीही. मला ही निवड फार बोलकी वाटते.

मूळ रहिवाशांबद्दल थोडक्यात. इंग्लंडच्या राजाच्या १७६३ च्या जाहीरनाम्याने ॲपलाचियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायला मनाई होती, म्हणून ते वाचले असते असं म्हणतात. ती रेषा पाचच वर्षांत सरकायला लागली होती. आणि ऑस्ट्रेलियात इंग्रजांनी काय केलं ते समोर आहेच.

राहिलो आपण. १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला आणि इंग्रजांना जगभर सगळीकडे पुरं पडणं भाग पडलं. त्याच्या आदल्याच वर्षी सेंट लुबिन हा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणवीसांच्या भेटीगाठी घेत होता, म्हणून मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली होती. एकीकडे म्हैसूरचा हैदर अली, दुसरीकडे फ्रेंच आरमार, अशा कात्रीत सापडलेल्या वॉरन हेस्टिंग्जने १७८२ मध्ये मराठ्यांशी सालबाईचा तह केला. त्यानंतर पेशवाईला इंग्रजांकडून वीसेक वर्षं निवांतपणा मिळाला. अमेरिका शांत असती, सैन्य आणि आरमार मोकळं असतं, तर १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांपुढे झालेल्या नामुष्कीचं उट्टं काढायला इंग्रज १८०३ पर्यंत थांबले असते का? मला नाही वाटत.