ठेंगणी छते, अंधारे मजले आणि ‘रंगरंगोटी’चा आक्षेप

जुन्या इमारती वाचवण्याविषयीच्या माझ्या लेखावरील सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की जुन्या कार्यालयीन इमारतीचे नूतनीकरण म्हणजे महागडी रंगरंगोटी. ठेंगणी छते आणि अडचणीचे खांब तसेच राहणार असतील, तर पाडून नवे बांधणेच शहाणपणाचे. दर्शनी काच बदलून आणि प्रवेशद्वारी संगमरवर लावून उरकलेल्या कामांना आपला आक्षेप तंतोतंत लागू पडतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

छताचा मुद्दा खरोखर वजनदार आहे. दोन स्लॅबमधले अंतर वाढवता येत नाही. परंतु कर्मचाऱ्यांना जाणवणारी उंची फॉल्स सीलिंगपर्यंतचीच असते आणि त्यावरची पोकळी बहुधा वातानुकूलनाच्या रुंद डक्टनी व्यापलेली असते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजारांहून अधिक पट उष्णता वाहून नेते. त्यामुळे थंडावा पाण्याच्या नळांतून नेला आणि ताज्या हवेपुरते छोटे डक्ट मार्गिकांवर सरकवले, तर बसण्याच्या जागेतील उंची बरीचशी परत मिळते. खांबांचे म्हणाल, तर ते आड येतात ते मुख्यतः टेबलांची मांडणी त्यांना विसरून केल्यामुळे.

आपण न काढलेला प्रश्न मात्र याहून अवघड आहे, तो उजेडाचा. खिडकीची वरची कड जितकी उंच, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच कामापुरता दिवसाचा उजेड आत पोचतो. कड 2.4 मीटरवर असेल, तर ही मर्यादा फार तर 6 मीटर. म्हणजे 25 मीटर रुंदीच्या मजल्याचा, दोन्ही बाजूंना खिडक्या असूनही, निम्म्याहून अधिक भाग दिव्यांवरच चालतो. काच कितीही भारी बसवली, तरी हे गणित फारसे हलत नाही. मजल्यांच्या मध्यातून चौक कापायचा, की जिने, दस्तऐवज आणि स्वच्छतागृहे त्या अंधाऱ्या पट्ट्यात न्यायची, हे ठरवताना वास्तुरचनाकाराचा कस लागतो. चौकात भाड्याचे क्षेत्रफळ जाते म्हणून मालक कुरकुरतात, आणि तेही अगदीच अकारण नसते.

क्षेत्रफळ वाढवूनही जुना सांगाडा राखता येतो, हे सिडनीच्या क्वे क्वार्टर टॉवरने दाखवले. तेथे 1970च्या दशकातील मनोऱ्याचे सुमारे दोन-तृतीयांश खांब, तुळया व स्लॅब आणि जवळजवळ सगळा गाभा (लिफ्ट-जिन्यांचा मधला भक्कम भाग) कायम ठेवून मजल्यांना नवे भाग जोडले गेले. 2022 साली काम पूर्ण झाले, तेव्हा क्षेत्रफळ सुमारे दुप्पट झाले होते. रंगरंगोटीच्या नेमके उलट उदाहरण न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे: सुमारे साडेसहा हजार खिडक्या काढून, इमारतीतच उभारलेल्या कार्यशाळेत त्यांच्या जुन्याच काचांमध्ये उष्णतारोधक थर घालून त्या पुन्हा बसवल्या. रस्त्यावरून पाहणाऱ्याला यातले काय दिसणार?

तरीही काँक्रीटचे नमुने तपासल्यावर सळया सर्वदूर गंजलेल्या आढळल्या, तर पाडण्याच्या निर्णयाला मी विरोध करणार नाही. ‘कोणतीही इमारत वाचवता येते’ हे माझ्या लेखातील विधान त्या दृष्टीने फारच सैल होते. ते मी आज दुरुस्त केले आहे.