‘देश अजून तयार नाही’ म्हणे!

गेले काही दिवस एक पोस्ट फिरते आहे. वर तिरंगा, खाली जोडलेले हात आणि मध्ये ठळक अक्षरांत ‘देश अजून स्त्री नेतृत्वासाठी तयार नाही, कटू पण सत्य’. त्याखाली सात मुद्दे. पुढारलेल्या अमेरिकेनेही बाईला दोनदा नाकारलं. जगात ज्या आल्या त्या बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर आल्या. बाई भावनिक असते. तिला युद्ध जमत नाही. बायकाच बायकांना मत देत नाहीत. गावोगाव सरपंच बाई आणि कारभारी नवरा. आणि शेवटी, बाई देश बघायला लागली तर घर कोण बघणार? लिहिणाऱ्याचं नाव नाही. असल्या पोस्टना ते नसतंच.

एरवी मी हे पुसून कामाला लागते. पण ही पोस्ट डोंबिवलीच्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘सूनबाईने जरूर वाचावे’. सूनबाई म्हणजे माझी वैनी. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावची ती सरपंच होती, महिला राखीव जागेवर. आता जागा खुली झालीय आणि तिला पुन्हा उभं राहायचंय. पोस्ट आल्यापासून घरात एकच सूर लागलाय, ‘खुल्यात बाईमाणसाक मत कोण घालतलो?’ म्हणून हा खटाटोप.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण काकांना अमेरिका फार आवडते. 2016 साली हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा जवळजवळ 29 लाख मतं जास्त पडली होती. त्या हरल्या ते तिथे राष्ट्राध्यक्ष राज्यवार प्रतिनिधींच्या मतांवर ठरतो म्हणून. याला लोकांनी नाकारणं म्हणायचं तर शब्दांना अर्थच उरत नाही. 2024 ला कमला हॅरिस मात्र सरळ हरल्या, मान्य. पण फरक दीड टक्क्याच्या आसपास होता आणि त्या मैदानात उतरल्या तेच जुलैच्या शेवटी, बायडेन यांनी माघार घेतल्यावर. त्याच जुलैत ब्रिटनमध्ये ऋषी सुनक यांचा पक्ष साफ आडवा झाला. तेव्हा ‘ब्रिटन अजून पुरुषासाठी तयार नाही’ असं कुणी लिहिल्याचं आठवत नाही. पुढे मिशेल ओबामांनीही अमेरिका तयार नाही असं म्हटलं, तेही या पोस्टवाल्याने हौसेने घातलंय. हरलेल्या बाजूची निराशा ती. तिचा पुरावा कसा होईल?

आणि अमेरिका म्हणजे जग नव्हे. तिला लागून असलेल्या मेक्सिकोत 2024 मध्येच क्लॉडिया शाइनबाम सुमारे 60 टक्के मतं घेऊन निवडून आल्या, आणि मुख्य लढत दोन बायकांतच होती. आपल्या शेजारी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, सिरिमावो बंदरनायके 1960 साली पंतप्रधान झाल्या. आपल्याकडे इंदिरा गांधी 1966 मध्ये आल्या, पुढे 1967, 1971 आणि 1980 अशा तीन निवडणुका जिंकल्या आणि सगळी मिळून जवळजवळ सोळा वर्षं पंतप्रधान राहिल्या. ज्या देशाने हे साठ वर्षांपूर्वी केलं तो ‘अजून’ तयार नाही? 1977 ला लोकांनी त्यांना घरी बसवलं ते आणीबाणीसाठी, बाई म्हणून नव्हे. नाहीतर तीन वर्षांत परत कशाला आणलं असतं?

बापाच्या-नवऱ्याच्या नावाचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो देऊन टाकते. बंदरनायके, इंदिरा, बेनझीर, खालिदा झिया, शेख हसीना, सगळ्या कुणाच्या तरी विधवा नाहीतर लेकी. आपल्या बांद्याच्या पलीकडे गोव्यात शशिकला काकोडकर 1973 मध्ये मुख्यमंत्री झाल्या त्याही वडील भाऊसाहेब बांदोडकर गेल्यावर. पण 1977 ची निवडणूक वडील नसताना त्यांनीच जिंकून दाखवली. महाराष्ट्राने 1960 पासून एकाही बाईला मुख्यमंत्री केलेलं नाही, ते सोडा. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर किराणा दुकानदाराची मुलगी, जर्मनीच्या मर्केल पाद्र्याची. मायावती, ममता यांच्यामागे कुठलं घराणं होतं? आणि घराण्याचंच म्हणाल तर 2024 च्या विधानसभेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून मिळून जे आठ आमदार निवडून आले त्यांत सख्ख्या भावांच्या दोन जोड्या आहेत. आठही पुरुष. वारसा पुरुषाकडे आला की पुण्याई, बाईकडे आला की उपकार, हा हिशोब मला कळत नाही.

आता तो तिसरा मुद्दा, ज्यामुळे माझं डोकं खरं फिरलं. पोस्टमधलं वाक्य असं आहे: ‘महिन्यातले चार दिवस जिचं मन ताळ्यावर नसतं तिच्या हाती अणुबॉम्बचं बटण द्याल का?’ हे काकांनी सुनेला पाठवलं. पुतण्या आणि नाती असलेल्या ग्रुपवर. घरात अजूनही ‘चार दिवस’ हा शब्द खाली मान घालून उच्चारतात, आणि देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आला की तोच चव्हाट्यावर!

बरं, यांच्याच तर्काने जाऊ. पोखरणची पहिली चाचणी 1974 ची, तेव्हा इंदिरा गांधी 56 वर्षांच्या होत्या. बांगलादेश युद्धाच्या वेळी 54. फॉकलंडच्या युद्धात थॅचर 56. गोल्डा मेयर इस्रायलच्या पंतप्रधान झाल्या तेव्हा 70 वर्षांच्या. शाइनबाम यांनी शपथ घेतली तेव्हा 62. राजकारण बाईला वर चढूच देतं इतक्या उशिरा, की ज्या चार दिवसांची यांना धास्ती आहे ते कधीच संपलेले असतात. एवढा साधा वयाचा हिशोबही पोस्टवाल्याने केला नाही. आणि ज्या बायकांना खरंच पाळी येते त्या त्या दिवसांत कोळंबी सोलतात, आंब्याच्या पेट्या भरतात, एसटीत तिकिटं फाडतात, ऑपरेशनं करतात. तेव्हा कुणाला बटणाची आठवण होत नाही. उलट ग्रामसभेत खुर्च्या फेकल्या जातात, आईबहिणीवरून शिव्या निघतात, तेव्हा फेकणारे कोण असतात ते काकांनी आठवून बघावं. पुरुषाचा संताप भावनांमध्ये मोजायचाच नाही असं कुठे ठरलं होतं?

युद्धाबद्दल वेगळं काही लिहायला नको, वर आलंच. एवढंच सांगते, राजाराम महाराज गेल्यावर 1700 पासून औरंगजेब मरेपर्यंत मराठ्यांची लढाई ताराराणींनी चालवली. ज्यांचं नाव घेऊन आमच्या किनाऱ्यावरचा प्रत्येक पुढारी छाती फुगवतो ते आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे 1713 पर्यंत त्यांच्याच बाजूने होते. सरखेलांना चाललं, काकांना चालत नाही.

‘बायकाच बायकांना मत देत नाहीत’ हे कुठून काढलं देव जाणे. 2024 च्या लोकसभेला 8,300 च्या वर उमेदवार होते, त्यांत बायका आठशेच्या आसपास. दहात एक. निवडून आल्या 74. म्हणजे उभ्या राहिलेल्या बायकांतल्या शंभरात नऊ निवडून आल्या, पुरुषांतले शंभरात सहा. पुरुषांत हौशी अपक्षांचा भरणा जास्त, म्हणून त्यांचा आकडा पडतो, हे खरं. पण मतदार बाईला बघून पळतो असं यातून तरी दिसत नाही. पळतो तो तिकीट देणारा.

आता सरपंचपती. इथे मला मान खाली घालावी लागते, कारण तो आमच्याच घरात होता. पहिले काही महिने वैनी सही करायची आणि भाऊ बोलायचा. ग्रामसेवक ठरावाची वही तिच्यासमोरून उचलून त्याच्यापुढे सरकवायचा, आणि तो न वाचता म्हणायचा, ‘घाल गो सही.’ मग एका मासिक सभेत नळपाण्याच्या पंपाचं बिल आलं. मोटर जळाली नव्हती, तरी बांधून आणल्याचं बिल होतं. पंपघर आमच्या परड्याच्या खाली, रोज पाणी कधी येतं नि कधी जातं हे तिला ठाऊक. तिने वही ओढून घेतली, म्हणाली, ‘ही मोटर खयच्या दिवशी बंद होती ता सांगा.’ कुणालाच सांगता आलं नाही. त्या दिवसापासून भाऊ सभेला बाहेरच्या पडवीत बसायला लागला. काही ठिकाणी तो दिवस कधीच येत नाही, हे मी नाकारत नाही. पण एक विचारते, नामधारी बाईच्या आडून कारभार हाकणारा पुरुष असेल तर तो दोष बाईच्या खात्यावर कसा पडतो?

हे फक्त आमच्या घरचं नाही. एस्थर डुफ्लो, ज्यांना 2019 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी राघवेंद्र चट्टोपाध्याय यांच्याबरोबर पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती अभ्यासल्या. दोन्हीकडे बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केलं होतं. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या कोकणाला याचा अर्थ समजवायला नको.

त्याहून महत्त्वाचा त्यांचा नि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2009 चा अभ्यास, बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातला. गावकऱ्यांना पंचायत प्रमुखाचं भाषण ऐकवलं. शब्द तेच, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे कधीच महिला आरक्षण पडलं नव्हतं तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे बाईचा कारभार बघून झाला होता तिथे हा फरक राहिला नाही. पुरुषांना पुरुष पुढारीच जास्त आवडतो, ही आवड काही बदलली नाही. बदललं ते ‘बाईला जमत नाही’ हे मत. आणि जिथे लागोपाठ दोनदा आरक्षण होतं तिथे नंतर खुल्या जागांवरही बायका जास्त उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. म्हणजे लोक आधी तयार होतात आणि मग बाई येते, असं नाही. बाई आधी येते, लोक मागाहून तयार होतात. वाट बघत बसलात तर प्रलयापर्यंत बसाल.

महाराष्ट्रात पंचायतींत 2011 पासून निम्म्या जागा बायकांना आहेत. तरी ‘खुली जागा’ म्हटलं की ती पुरुषांची असा गावचा ठाम समज. खुली म्हणजे कुणालाही खुली. वैनी तिथे कुणाची जागा अडवत नाहीये.

राहिला घराचा मुद्दा. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या, कारण पुरुष मुंबईला. पिढ्यान् पिढ्या इथली घरं, शेतं, कोर्टकचेऱ्या बायकांनीच ओढल्या. आमचे आजोबा गिरणीत होते तेव्हा सातबारावरच्या नावासाठी तलाठ्याकडे खेपा आजीच घालायची, वर चार पोरांचं शिक्षण बघायची. त्या चारांतले धाकटे म्हणजे आमचे काका.